व्याह्यांकडचा जुळा

कवळीकाकांच्या घरात शिरलं की आधी कशाची भीती वाटते, यावर त्यांच्या पाहुण्यांमध्ये दोन तट होते. एक तट म्हणे, भिंतीवरच्या मुखवट्यांची. दुसरा म्हणे, त्या मुखवट्यांवरची धूळ झटकणाऱ्या काकूंची. दोन्ही तटांची माणसं सहसा पुन्हा यायची नाहीत, त्यामुळे वाद काही मिटला नाही.

काका धंद्याने कवळ्या करणारे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे आणि काका घरामागच्या खोलीत मेण, प्लास्टर आणि गुलाबी पावडर घेऊन त्या मापावर दात बसवायचे. त्या खोलीतल्या फळ्यांवर जबडेच जबडे होते. आसपासची निम्मी म्हातारी माणसं काकांच्या दातांनी जेवायची, पण काकांना ओळखायचं कुणीच नाही, कारण नाव व्हायचं डॉक्टरांचं. काका मात्र सगळ्यांना ओळखायचे. कुणाच्या लग्नात, कुणाच्या प्रेतयात्रेत समोरचा माणूस बोलायला लागला की काका काकूंच्या कानाशी पुटपुटायचे, "खालची माझी आहे." लग्नात ठीक आहे, प्रेतयात्रेत हे शोभत नाही, असं काकूंचं म्हणणं होतं. त्यात न शोभण्यासारखं काय आहे, ते काकांना शेवटपर्यंत समजलं नाही.

शिल्पांचा नाद लागला तोही दातांपायीच. काकूंसाठी खुर्ची बघायला म्हणून ते जुन्या सामानाच्या दुकानात गेले होते. तिथे एका कपाटावर आयव्हरी कोस्टकडचा लाकडी मुखवटा ठेवला होता, अर्धवट उघड्या तोंडाचा, आणि तोंडात बारीक कोरलेले दात. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, मुखवट्याच्या तोंडात बोट घातलं आणि हिरडी चाचपून पाहिली. काम अव्वल होतं. कुणाचं म्हणून विचारलं तर दुकानदाराला माहीत नव्हतं. म्हणजे याचंही नाव कुणाला ठाऊक नाही, असं काकांच्या मनात आलं आणि त्यांना एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. मुखवटा घरी आला. काकूंची खुर्ची अजून यायची आहे.

त्यानंतर घरात पश्चिम आफ्रिका हळूहळू पाय पसरत गेली. घानाकडची ताटासारख्या गोल डोक्याची बाहुली आली, कॅमेरूनकडचं स्टूल आलं, ज्यावर बसायला बंदी होती. मालीकडचं हरणाचं एक शिरोभूषण आलं, लांबलचक शिंगांचं. त्या शिंगांवर काकूंनी एकदा ओला टॉवेल वाळत घातला, तर काकांनी रागाने बोलणं टाकलं. घरात इतकी शांतता पसरली की काकूंनी दुसऱ्या दिवशी आणखी एक टॉवेल घातला.

आणि मग आला जुळा. दुकानदाराकडे कुठल्याशा बंद झालेल्या घरातलं सामान आलं होतं, त्यातल्या एका खोक्यात काकांना वीतभर उंचीचा लाकडी बाहुला सापडला. मोठं डोकं, त्यावर उंच बांधलेले केस, टपोरे डोळे, आणि चेहरा असा झिजलेला की नाक कुठे संपलं आणि ओठ कुठे सुरू झाले ते बोटाने शोधावं लागावं. काकांनी तो पैसे मोजून लगेच घेतला. दोन दिवसांनी दुकानदाराला खोक्याच्या तळाशी दुसरा मिळाला. तोच हात, तेच केस, तेच डोळे. जोडी! काकांची झोपच उडाली. पण नादिष्ट माणसांची एक रीत असते, हवी ती वस्तू दिसली की आधी तिच्याकडे पाठ फिरवायची. काकांनी जांभई देऊन "बघू पुढे कधीतरी" म्हटलं आणि ते घरी आले. आता आठवडाभर तिकडे फिरकायचं नाही, म्हणजे दुकानदार आपसूक नरम येईल, असा बेत होता.

हा बेत त्यांनी पोटात ठेवला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण रविवारी ते आणि काकू मुलीच्या सासरी जेवायला गेले. काकांचे व्याही लिफ्टची देखभाल करणारे. आयुष्य लिफ्टच्या बोगद्यात दोरांचा आवाज ऐकण्यात गेलेलं, त्यामुळे बोलणं मोजकं. विहीणबाई त्यांच्याहून मोजकं बोलायच्या. म्हणजे काकांसाठी हे घर फारच सोयीचं होतं. पहिला घास घेतल्यापासून त्यांनी जे सुरू केलं ते ताटं उचलेपर्यंत थांबले नाहीत.

त्यांनी सांगितलं की नायजेरियाकडच्या योरुबा लोकांत जुळी मुलं फार होतात. त्यातलं एक दगावलं तर आईबाप त्याच्या नावाने लाकडाचा बाहुला कोरून घ्यायचे. मग ती आई त्या बाहुल्याला जिवंत लेकरासारखं न्हाऊ घालायची, तेल चोळायची, नटवायची, आपण जेवताना त्यालाही भरवायची. वर्षानुवर्षं हात फिरून फिरून त्याचा चेहरा झिजायचा. "आणि जितका झिजलेला, तितका मोलाचा," असं म्हणून काकांनी स्वतःच्या बाहुल्याचं कौतुक केलं. मग दुसरा बाहुला, दुकानदार, आठवडाभराचा बेत, सगळं सांगून टाकलं. मुलीला जांभया येत होत्या. जावईबापू, म्हणजे दारातून वाकून आत येणारा धिप्पाड गडी, तिसऱ्यांदा भाजी मागत होता. काकू टेबलाखालून काकांच्या पायावर पाय देत होत्या. फक्त विहीणबाई भाजीचा डाव हवेत धरून ऐकत राहिल्या होत्या. आपल्या वाणीत काहीतरी आहे, असं काकांना त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं.

आठवडा सरल्यावर काका मुद्दाम रमतगमत दुकानात गेले. बाहुला विकला गेला होता. कुणी नेला, तर सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच एक लिफ्टवाले गृहस्थ पायरीवर उभे होते, सांगितली ती किंमत त्यांनी हूं की चूं न करता दिली.

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण करतात काय! व्याह्यांशी भांडायचं तर आधी मुलीला माहेरी आणून ठेवावं लागतं, आणि मुलगी यायला तयार नव्हती. तिला सासर आवडायचं. तेव्हा ही लढाई पराकोटीच्या सभ्यतेने लढायची ठरली. काकांनी बाहुल्याच्या बदल्यात हरीण देऊ केलं. व्याही म्हणाले, घरात जागा नाही. काकांनी व्याह्यांच्या दोन पडलेल्या दाढा फुकट बसवून दिल्या. व्याह्यांनी आभार मानले आणि त्याच दाढांनी चावून चावून नकार दिला. बरं, इतका का आवडला म्हणून विचारावं, तर ते जमिनीकडे बघत म्हणायचे, "आवडला," आणि संपलं. आपल्याला पाण्यात पाहणाऱ्या माणसाच्या घरी मुलगी दिली, असा काकांचा पक्का समज झाला.

त्यात बाहुल्याचे हाल त्यांना बघवेनात. स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी, जिथे सकाळचं ऊन येतं, तिथे विहीणबाईंनी त्याला एक फळी करून दिली होती. डोक्यावर लोकरीची टोपी! कुठल्याशा कारागिराने एवढा केशसंभार कोरला, तो टोपीखाली. शिवाय विहीणबाई त्याला रोज तेल लावायच्या. जुन्या लाकडाला नवं तेल लावणं म्हणजे सत्यानाश, असं काकांनी पुस्तकात वाचलं होतं. ज्या हातांनी झिजल्यामुळे त्या चेहऱ्याला मोल आलं ते हातसुद्धा तेलाचेच होते, हे त्यांच्या ध्यानात येऊ नये याचं मला नवल वाटतं. पण नादिष्ट माणूस स्वतःच्या भाषणातलं फारसं ऐकत नाही. या अडाण्यांच्या तावडीतून त्याला सोडवणं हे आपलं कर्तव्यच आहे, असं त्यांनी मनाला पटवलं, आणि एकदा कर्तव्य म्हटलं की माणूस काय वाट्टेल ते करायला मोकळा होतो.

त्यांनी दोन्ही बाहुल्यांचा जोडीने फोटो काढायची टूम काढली. चार दिवसांसाठी तुमचा द्या म्हणाले. व्याह्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाई आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने बाहुला एका मऊ जुन्या कापडात गुंडाळून घेऊन आल्या. "टोपी राहू दे, हवा गार आहे," म्हणाल्या. काका गालात हसले.

मागच्या खोलीचं दार लावून काकांनी कामाला हात घातला. तोंडाचं माप घ्यायचा लगदा असतो, तो कालवून त्यांनी बाहुल्याचं सर्वांगाचं माप घेतलं. साचा केला, आत प्लास्टर ओतलं, वरून कवळीच्या पावडरीत तपकिरी रंग मिसळून कातडी चढवली. घासली, झिजवली, कॉफीच्या पाण्यात बुडवली. काखेत थोडा गुलाबी रंग राहिला, पण काखेत कोण बघतंय! हुबेहूब झाला. फक्त शेवटी एक गोष्ट त्यांच्याही नकळत घडली. मूळ बाहुल्याचे ओठ एका बाजूला जरा जास्त झिजलेले होते, त्यामुळे तोंड किंचित वाकडं दिसायचं. आयुष्यभर लोकांची वाकडी तोंडं सरळ करून दिलेला तो हात, त्याने कानस उचलली आणि ओठ सरळ करून टाकले. काकांना ते कळलंसुद्धा नाही.

चार दिवसांनी नकली बाहुला टोपी घालून, कापडात गुंडाळून व्याह्यांच्या घरी गेला आणि असली जोडी मागच्या खोलीत जबड्यांच्या आड बसली. काकूंना काकांनी सांगितलं की यातला दुसरा मी केलेली नक्कल आहे. काकू म्हणाल्या, मला तर पहिलाही तसाच वाटला होता. काका रोज दुपारी दार लावून जोडीसमोर बसायचे. कुणाला दाखवायची सोय नव्हती, कारण व्याही कधीही येऊ शकत होते. जन्मात पहिल्यांदा मनासारखी वस्तू मिळाली, आणि तिच्याबद्दल भाषण करता येईना. याहून मोठी शिक्षा काकांना कुणी देऊ शकलं नसतं.

पुढचे दोन-तीन रविवार काहीतरी निमित्त सांगून काकांनी व्याह्यांकडे जाणं टाळलं. मग निमित्तं संपली.

त्या रविवारी जावई कामाच्या ठिकाणी गेलेला होता, यायचाच होता. मुलगी काकूंना शेजारच्या खोलीत नवे पडदे दाखवत होती. स्वयंपाकघरात टेबलाशी विहीणबाई मांडीवर बाहुला घेऊन बसल्या होत्या आणि व्याही शेजारी तेलाची वाटी धरून उभे होते. दोघांचे चेहरे उतरलेले.

"हा तेल पीत नाही हो," विहीणबाई काकांना म्हणाल्या. "फोटोहून आला तेव्हापासून. आधी लावलं की बघता बघता मुरायचं. आता नुसतं वरच्या वर राहतं, टिपून काढावं लागतं."

हवा बदलली की लाकडाचं असं होतं, असं ते काहीतरी बोलले.

"आणि वजन वाढलंय," व्याही म्हणाले.

तेल पीत नाही आणि तरी बाळसं धरतोय! काकांनी वाटीत बोट बुडवून तेल उगाच हुंगून पाहिलं. विहीणबाईंनी बाहुल्याचं तोंड उजेडाकडे केलं. तोंडही वेगळंच दिसतं म्हणाल्या. पूर्वी एका बाजूने हसल्यासारखा दिसायचा, आता शाळेतल्या फोटोसाठी बसल्यासारखा दिसतो. काकांनी पाहिलं आणि आपल्या हाताने काय करून ठेवलंय ते त्यांना तेव्हा कळलं. तरी तोंड थांबेना. एवढं मनाला लावून घेऊ नका म्हणाले, काही झालं तरी लाकूडच ते.

विहीणबाईंनी बाहुल्याची टोपी नीट केली. मग खाली बघतच बोलल्या.

"मला जुळे झाले होते. तुमचा जावई आणि त्याच्या पाठचा. तो थोडेच दिवस होता. सगळे म्हणाले, एक आहे ना, त्याच्याकडे बघ. बघितलं मी. पण त्याचं म्हणून काही करायचं राहूनच गेलं. न्हाणं नाही, तेल लावणं नाही. त्या दिवशी तुम्ही सांगितलंत ना, तिकडच्या आया असं करतात. मला वाटलं, म्हणजे असं करता येतं."

"घरी कधी बोलत नाही आम्ही," व्याही म्हणाले. "ही रात्रभर जागी होती. सकाळी मी दुकानाच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो."

काकांना तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आपण एका आईच्या मांडीवर प्लास्टर ठेवून तिचं लेकरू जबड्यांच्या फळीवर नेऊन बसवलंय, हे त्यांना इतकं लख्ख कळलं की डोळ्यांत पाणी आलं. एरवी त्यांनी अशा वेळी काहीतरी माहिती सांगितली असती. आता नुसते हात पुढे केले. तेलाचा थर बसला असेल, मी साफ करून आणतो, आत्ता आणतो, म्हणाले आणि काकूंना न सांगता बाहुला उचलून निघालेसुद्धा.

बसमध्ये टोपी घातलेला बाहुला छातीशी धरून बसलेल्या या गृहस्थाला एका बाईने आपली खिडकीजवळची वाऱ्याची जागा दिली आणि मग बाळाचं तोंड बघून तीच पुढच्या स्टॉपला उतरली. समोरचा एक म्हातारा कवळी दाखवून दिलखुलास हसला. ती वरची की खालची, कुणाची, काकांनी बघितलंही नाही. घरी पोहोचून त्यांनी जबडे बाजूला सारले, असली बाहुला घेतला, त्याच टोपीत आणि त्याच कापडात गुंडाळला आणि आल्या पावली परतले.

विहीणबाईंनी वाटीत बोट बुडवून बाहुल्याच्या कपाळावरून फिरवलं. तेल चमकलं आणि हळूहळू आत गेलं. त्यांनी गालांना लावलं, तेही गेलं. वाकड्या ओठांवर त्यांचा अंगठा थांबला, तिथून हलेचना. "आला," एवढंच म्हणाल्या. मग पडदे बघून परतलेल्या काकूंकडे आणि मुलीकडे बघून पुन्हा म्हणाल्या, "आला बाई जागेवर."

व्याह्यांनी बाहुला क्षणभर स्वतःच्या तळहातावर घेतला, वरखाली केला आणि काकांना खुणेने बाहेरच्या खोलीत नेलं.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले. "लिफ्टमध्ये एक माणूस जास्तीचा चढला तर मला बाहेरून कळतं."

म्हणजे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! मग बोलला का नाहीत, असं काकांनी कसंबसं विचारलं.

"तुमची मुलगी आमच्या घरात आहे. तिच्या बापाला चोर कसं म्हणू?" व्याही म्हणाले. "हिला तर कळायलाच नको होतं. वाटलं, तुम्हीच आणाल. आणलात. चला, चहा घेऊ."

इतकं सलग बोलताना व्याह्यांना आजवर कुणी ऐकलं नव्हतं. काका मान खाली घालून त्यांच्या मागून स्वयंपाकघरात आले. यातलं काहीच माहीत नसलेल्या विहीणबाईंचा चेहरा खुलला होता. काकांना बघताच त्या म्हणाल्या, "तुमच्याकडचा एकटाच असतो ना? त्यालाही इकडेच आणा. दोघं एकत्र राहतील. मी दोघांचं करीन."

टेबलाभोवती सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकूंच्या डोळ्यांत तर आज नाही म्हणालात तर गाठ माझ्याशी आहे, हे स्पष्ट लिहिलेलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या घडीला काकांनी आपला बाहुलाच काय, हरीण, स्टूल, भिंतीसकट सगळे मुखवटे त्या माउलीला देऊन टाकले असते. पण पुस्तकात आणखी एक वाक्य होतं. जोडीची मजा जाते म्हणून भाषणात काका ते नेहमी गाळायचे. एकटा बाहुला असेल तर समजावं, त्याचं भावंड जगलं. जोडी असेल तर समजावं, त्या आईची दोन्ही गेली.

"नको," काका म्हणाले.

काकूंनी टेबलाखालून पाय शोधायला सुरुवात केली. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही पण ना! काकांना ते वाक्य त्या माउलीसमोर उच्चारायचं नव्हतं, आणि दुसरं काही सुचत नव्हतं. जन्मभर बडबड केलेला माणूस ऐन वेळी मुका होऊन उभा राहिला.

तेवढ्यात बाहेरचं दार उघडलं. जावई नेहमीसारखं वाकायला विसरला, चौकटीला डोकं आपटून कपाळ चोळत आत आला आणि जेवायला काय आहे म्हणून विचारू लागला.

"जोडी तुमच्याकडे आहेच की," काका विहीणबाईंना म्हणाले. "त्याचा भाऊ हा काय आला. वाढा त्याला, भुकेला आहे."

विहीणबाई मुलाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी बाहुला खिडकीपाशी ठेवला, तेलाचा हात मुलाच्या टेंगळावर चोळला आणि ताट घ्यायला गेल्या.